मायनिंगचं कार्ड घेणाऱ्या भाचीला

मनू, उत्तर आधीच देऊन टाकते, म्हणजे पुढचं सावकाश वाचशील. मायनिंगला वापरलेलं ग्राफिक कार्ड घ्यावं का? घ्यावं. फक्त स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नये, आणि मायनिंगचं नाव ऐकून नाकही मुरडू नये. कार्डाने काय काम केलं यापेक्षा ते कुणाच्या हाताखाली केलं आणि त्यानंतर ते कुठे पडून राहिलं, हे बघायचं असतं. तुझा बाप "सेकंडहँड म्हणजे भंगार" म्हणेल. त्याच्याशी वाद घालू नकोस, पैसे त्याच्याच खिशातून यायचेत.

मुद्द्यांना नंबर घातलेत. सौदा करायला जाताना फोनमध्ये उघडून ठेव. पाठ करायची गरज नाही, इंजिनिअरिंगला पाठांतर पुष्कळ आहे.

आधी घरात बसून

१. कार्ड कशाला हवंय ते कागदावर एका ओळीत लिही — कॉलेजच्या साध्या ड्रॉइंगला आणि पिक्चर बघायला प्रोसेसरमधलं ग्राफिक्स पुरतं. नको असलेली वस्तू अर्ध्या किमतीत घेतली तरी ती महागच.

२. ब्लेंडरमध्ये रेंडर करायचं असेल तर आरएक्स ५७० आणि ५८० च्या जाहिराती उघडूही नकोस — ब्लेंडरने २०२१ च्या डिसेंबरात ३.० आवृत्ती काढताना ओपनसीएल काढून टाकलं, आणि ही कार्डं ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमधून बादच झाली. या कामाला एनव्हिडियाचं आरटीएक्स बरं.

३. एआयची मॉडेलं घरी चालवून बघायची हौस असेल तर वेगाआधी मेमरी बघ — १२ जीबीचं ३०६० हळू चालेल पण चालेल. ८ जीबीचं ३०७० वेगवान असूनही मोठं मॉडेल पोटात घेणार नाही.

४. धाकट्याच्या गेमपुरतं हवं असेल तर आरएक्स ६६०० सारखं कमी वॅट खाणारं कार्ड शोध — ते १३२ वॅटचं आहे, म्हणजे जुनी एसएमपीएस बदलायचा खर्च बहुधा वाचतो.

५. जीटीएक्स १०६०, १०७०, १०८० आता कितीही स्वस्त दिसली तरी राहू दे — ती २०१७-१८ च्या मायनिंगच्या लाटेतली म्हातारी कार्डं आहेत, आणि एनव्हिडियाने त्यांच्यासाठी गेमचे नवे ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ पासून बंद केले. सुरक्षेपुरते अपडेट २०२८ च्या ऑक्टोबरपर्यंत येतील, तेवढंच.

६. कॅबिनेट पट्टी लावून मोज, मिलिमीटरमध्ये — तीन पंख्यांचं कार्ड ३० सेंटिमीटरच्या आसपास भरतं, आणि बँका-ऑफिसातून निघालेल्या त्या चपट्या डेस्कटॉपमध्ये ते तिरकं घालूनही बसत नाही. कार्ड आलं घरी, दार राहिलं उघडं, अशी गत होते.

७. एसएमपीएसवरचा आकडा वाच, मग ती हातात घेऊन वजन बघ — ६६०० ला कंपनी ४५० वॅट सांगते, ३०६० ला ५५०, ३०८० ला ७५०. आणि "५०० वॅट" छापलेला डबा रिकाम्या टिफिनाइतका हलका लागला तर आत ५०० वॅट नाहीत.

८. ६ पिन किंवा ८ पिनची वायर एसएमपीएसमधूनच निघालेली हवी, हार्डडिस्कच्या साटा वायरीला जोडपट्टी लावून काढलेली चालणार नाही — साटाच्या पिना पन्नासेक वॅटच्या, कार्ड मागणार ७५ ते १५०; प्लास्टिक वितळल्याचा वास सगळ्या वाड्याला येतो.

मायनिंग म्हणजे कार्डाने केलं काय

हे समजून घे, नाहीतर विकणारा सांगेल तेच खरं धरून बसशील. इथेरियम नावाचं चलन कार्डांवर अखंड आकडेमोड करून मिळायचं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमवाल्यांनी ती पद्धतच बदलली आणि जगभरातली कार्डं एका दिवसात रिकामी बसली. आपल्याकडे तर त्याच वर्षी १ एप्रिलपासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के कर बसला होता, १ जुलैपासून १ टक्का टीडीएस, आणि मायनिंगच्या यंत्रांचा खर्च त्या नफ्यातून वजा करायची सोयही नव्हती. ज्यांनी घरच्या माळ्यावर पाच-सहा कार्डं जोडलेल्या रिग लावल्या होत्या त्यांनी कार्डं ढिगाने विकायला काढली.

आता अशा एका रिगच्या विजेचा हिशेब कर. सहा कार्डं, प्रत्येकी १२० वॅट, बाकी पसारा १३० वॅट, मिळून ८५० वॅट. दिवसरात्र महिनाभर चाललं की ६१२ युनिट. महावितरणच्या घरगुती दरात ५०० युनिटच्या वरचा टप्पा सगळ्यात महाग. म्हणून शहाणा मायनर कार्डाचे वॅट उतरवून ठेवायचा. २२० वॅटचं ३०७० तो १२० च्या आसपास चालवायचा. गेम खेळणारा पोरगा मात्र तेच कार्ड पूर्ण ताकदीवर पिळतो आणि वर अभिमानाने सांगतो.

९. मुख्य चिपची काळजी कमी कर, मेमरीची जास्त — इथेरियमचं काम मेमरीवर चालायचं, त्यामुळे मायनर चिपचा वेग कमी करून मेमरीचा वाढवायचे. तापली ती मेमरी.

१०. पंख्यांचं वय वेगळं मोज — दिवसरात्र चाललं तर वर्षाचे ८,७६० तास होतात. रोज तीन तास गेम खेळणाऱ्याच्या पंख्याला तेवढं फिरायला आठ वर्षं लागतात. पण पंखा ही बदलायची वस्तू आहे, तेवढ्यावरून सौदा मोडू नकोस.

११. "आम्ही फक्त गेम खेळलो" या वाक्याला दागिना समजू नकोस — रोज तापून गार होणाऱ्या कार्डात सोल्डरचे सांधे फुगत-आकसत राहतात, मायनिंगचं कार्ड मात्र महिनोन्‌महिने एकाच तापमानाला बसलेलं असतं. दोन्हीत झीज आहे, जागा वेगळ्या.

१२. ३०८० आणि ३०९० घेताना जपून — त्यांची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट, ११० अंशांना पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करतं. आणि ३०९० ची निम्मी मेमरी पाठीमागच्या बाजूला आहे, जिथे पंख्याचा वारा पोचत नाही.

१३. "एलएचआर आहे, यावर मायनिंग होतच नाही" असं कुणी म्हणालं तर मान डोलव आणि पुढे जा — एनव्हिडियाने २०२१ मध्ये मायनिंगचा वेग कमी करणारं ते कुलूप घातलं खरं, पण २०२२ च्या मे महिन्यापर्यंत ते पुरतं उघडलं गेलं होतं.

१४. पी१०६, पी१०४ किंवा सीएमपी या नावाचं काहीही स्वस्तात दिसलं तर हात लावू नकोस — ती मायनिंगसाठीच काढलेली कार्डं, त्यांना मॉनिटर जोडायला पोर्टच नाही. युट्यूबवर जुगाड दाखवतात. तुझी सेमिस्टर परीक्षा जवळ आली आहे.

विकणाऱ्याशी बोलताना

१५. पहिला प्रश्न सरळ विचार, "मायनिंग केलंय का?" — जो "हो" म्हणतो त्याच्याशी पुढे बोलता येतं, जो चिडतो त्याच्याशी चहासुद्धा पिऊ नये.

१६. मग विचार, "किती वॅटवर चालवायचा?" — खऱ्या मायनरला हा आकडा स्वतःच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्का पाठ असतो. "जसं होतं तसंच चालवलं" म्हणाला तर एक तर तो आळशी होता किंवा खोटं बोलतोय, आणि दोन्हींचे पैसे कापायचे.

१७. रिग कुठे होती ते विचार — पंखे लावलेल्या मोकळ्या खोलीत की पत्र्याच्या शेडमध्ये? आटपाडी-माणच्या बाजूला एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली माणूस टिकत नाही, कार्ड तर २४ तास तिथंच.

१८. २०२२ नंतर कार्ड कुणाकुणाकडे होतं ते जास्त खोदून विचार — मायनिंग संपून वर्षं झाली, आता जे कार्ड विकायला येतं ते तिसऱ्या-चौथ्या हातातलं असतं, आणि बहुतेक दुखणी त्या मधल्या हातांत लागलेली असतात. मायनर निदान रोज तापमान बघायचा. सायबर कॅफेवाल्याने ते कॅबिनेट एकदाही उघडलं नसेल.

१९. जाहिरातीतला फोटो मोठा करून मागची बाजू बघ — "घरचं एकच कार्ड" म्हणणाऱ्याच्या मागे त्याच खोक्यांची थप्पी दिसली तर तो व्यापारी आहे. व्यापारी असणं गुन्हा नाही, मग टेस्टिंग वॉरंटी माग.

२०. विकणारा "मी फौजेत आहे, बदली झालीय, आधी थोडे पैसे टाका, कुरिअरने पाठवतो" म्हणाला तर फोन ठेव — खरा जवान ओएलएक्सवर आगाऊ रक्कम मागत नाही, आणि ही युक्ती देशभर इतकी जुनी झाली आहे की तिला पेन्शन लागायची.

२१. "कार्ड कशाला घेतेस, माझ्या मायनिंगमध्ये पैसे लाव, महिन्याला दहा टक्के देतो" असं कुणी म्हणालं तर पायात चप्पल घाल आणि घरी ये — गेनबिटकॉइनवाल्यांनी हेच १८ महिने दरमहा १० टक्क्यांचं गाजर दाखवलं होतं, आणि २०१८ मध्ये ते प्रकरण पुणे पोलिसांत पोचलं तेव्हा लोक फाटकी पासबुकं घेऊन रांगेत होते.

२२. साताऱ्यात किंवा सांगलीत ओळखीच्या दुकानात आधी विचार, मग पुण्याच्या तापकीर गल्लीत, मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला — लांबच्या दुकानात पाचशे रुपये वाचतात, पण कार्ड परत न्यायची वेळ आली की खंबाटकी घाट दोनदा ओलांडावा लागतो. घाई पुण्यात, पस्तावा साताऱ्यात.

२३. दिल्लीच्या नेहरू प्लेसमधून मागवायचं असेल तर तिथलं आपलं माणूस शोध, कुरिअरच्या भरवशावर राहू नकोस — विटा-खानापूर-आटपाडीचे सोनं गाळणारे गलाई बांधव देशातल्या प्रत्येक सराफ बाजारात आहेत, आपल्या नात्यातले दोन तरी निघतील. ते लोक सोनंसुद्धा कसाला लावल्याशिवाय भाव बोलत नाहीत. कार्डाच्या बाबतीत तूही तसंच कर.

कार्ड हातात आल्यावर

२४. दिवसाउजेडी जा आणि बारीक टॉर्च सोबत ने — ट्यूबलाइटखाली गंज तपकिरी धूळ वाटतो.

२५. पंख्याच्या मधल्या बुंध्याला दोन बोटांनी धरून हलकेच पुढे-मागे हलव, मग पात्याला टिचकी मार. चांगला पंखा चार-पाच गिरक्या घेऊन शांतपणे थांबतो. झिजलेला डगडगतो आणि थांबताना शेवटच्या अर्ध्या फेरीत "खर्र" करतो — बेअरिंगमधलं वंगण सुकलंय. मालक गप्प राहिला तरी पंखा बोलतो.

२६. मागे मॉनिटरच्या पोर्टांशेजारची लोखंडी पट्टी बघ, तिच्यावर स्क्रूचा एकही ओरखडा नसेल आणि पोर्टांवर प्लास्टिकची टोपणं अजून तशीच असतील तर ते कार्ड कॅबिनेटमध्ये बसलेलंच नाही — रिगच्या उघड्या चौकटीत लटकलं होतं. स्केचपेनने "आर२-४" असं काही खरडलेलं दिसलं तर समज, दुसऱ्या रिगचं चौथं कार्ड.

२७. कडेने तेलकट डाग दिसला तर घाबरू नकोस, नोंद कर — थर्मल पॅडमधलं सिलिकॉनचं तेल उष्णतेने झिरपतं. कार्ड मेलेलं नाही, पण मेमरी बरीच तापली होती याची ती सही आहे.

२८. आता सांगलीपुरतं. पट्टीवर, पोर्टांच्या आतल्या धातूवर, स्क्रूंच्या खाचेत गंज किंवा पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर कितीही स्वस्त असो, सोडून दे — २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली होती, आणि २०२१ च्या जुलैत, म्हणजे ऐन मायनिंगच्या भरात, पुन्हा पूर आला. तळमजल्यावरचं सामान भिजलं, वाळवलं, आणि त्यातलं काही विकलंही गेलं. पाण्यात बुडालेलं कार्ड सुकून चालू होतं. थरांच्या आत शिरलेला गाळ मात्र आपलं काम करत राहतो, आणि एखाद्या पावसाळ्यात स्क्रीन काळी होते.

२९. फारच लख्ख कार्ड दिसलं तरी संशय घे — पाण्याच्या फवाऱ्याने मायनिंगची कार्डं धुतानाचे व्हिडिओ व्हिएतनाममधून फिरले होते, आणि ती कल्पना आपल्याकडच्या गाड्या धुणाऱ्यांना सुचणार नाही असं नाही.

३०. पॉवरच्या सॉकेटमध्ये टॉर्च मार, पिनांभोवतीचं प्लास्टिक पिवळं-तपकिरी झालंय का बघ — तिथे वायर सैल बसून ठिणगी पडत होती.

३१. फटीतून मुख्य चिपच्या कडा बघ, भोवती चकचकीत चिकट काही साचलंय का — हीट गन मारून जिवंत केलेल्या कार्डाची ती खूण. असं कार्ड तुझ्यासमोर तासभर उत्तम चालतं आणि दिवाळीच्या सुट्टीत मरतं.

३२. स्क्रूवरचं वॉरंटीचं स्टिकर फाटलेलं असलं तर कुणी उघडलं आणि का, एवढं विचार — पेस्ट बदलायला उघडलं असेल तर उलट चांगलं. फक्त पॅड कुठल्या जाडीचे टाकले ते त्याला सांगता आलं पाहिजे.

३३. खोक्यावरचा आणि कार्डावरचा सिरियल नंबर जुळव — दहा कार्डं विकणाऱ्याकडे खोकी अदलाबदल होतात, आणि बिल एका कार्डाचं, वस्तू दुसरी, अशी वरात निघते.

चालवून बघताना

३४. निघायच्या आधी फोन करून सांग की मी येईपर्यंत मशीन चालू करू नका — कुरकुरणारा पंखा आणि अडखळणारी मेमरी थंड असतानाच पकडली जाते.

३५. शक्यतो दुपारी जा — खोलीचं तापमान कार्डाच्या तापमानात जवळपास तसंच मिळवलं जातं. साताऱ्यात जानेवारीच्या सकाळी ९० अंश दाखवणारी मेमरी मेमध्ये कराडच्या तुझ्या खोलीत कुठे पोचेल, तूच सांग.

३६. सगळ्यात आधी जीपीयू-झेड उघड आणि नावावर विश्वास न ठेवता आकडे बघ — नाव बदलून लिहिता येतं. खऱ्या १२ जीबीच्या ३०६० ला ३,५८४ शेडर आणि १९२ बिटची बस असते, आरएक्स ६६०० ला १,७९२ शेडर. "५८०" म्हणून विकलेल्या कार्डात २,३०४ ऐवजी २,०४८ दिसले तर ते ५७० ची ताकद असलेलं आहे.

३७. त्याच खिडकीत पीसीआयची ओळ बघून शेजारचं प्रश्नचिन्ह दाब, कार्डाला काम लागेल — ३०६० ने एक्स१६ दाखवायला हवं. एक्स८ किंवा एक्स४ वर अडकलं तर कार्डाच्या सोनेरी पट्ट्या किंवा मदरबोर्ड तपास. ६६०० मात्र जन्मतः एक्स८ आहे, त्यावरून उगाच भांडू नकोस.

३८. फरमार्क १५ मिनिटं लाव आणि डोळे स्क्रीनवर ठेव — रंगीत ठिपके, चौकटी, आडव्या रेघा, काहीही क्षणभर चमकलं तरी पुरे. विकणारा त्याच वेळी गप्पांना बसवेल, पोहे आणवेल; पोहे खा, नजर हलवू नकोस.

३९. एचडब्ल्यूइन्फोमध्ये चिपचं तापमान आणि हॉटस्पॉट यांतला फरक बघ — पंधरा-वीस अंश चालतात, तीसच्या वर गेलं तर पेस्ट वाळली किंवा हीटसिंक नीट बसला नाही. हे दुरुस्त होतं, म्हणून भावात धर.

४०. ३०८०, ३०९० ला आणि एएमडीच्या ६००० मालिकेला मेमरीचंही तापमान दिसतं, ते वेगळं लिहून ठेव — ३०६०, ३०६० टीआय, ३०७० ला ते दिसतच नाही, तिथे पाठीमागच्या पत्र्यावर हात ठेवून अंदाज घ्यायचा. हात टिकला तर बरं.

४१. ओसीसीटीमधली मेमरीची चाचणी लावल्याशिवाय उठू नकोस — मायनिंगच्या कार्डाची खरी परीक्षा तिथेच आहे. एक चूक दाखवली तरी कार्ड परत त्याच्या हातात दे आणि चहाबद्दल आभार मान.

४२. एएमडीच्या ४००, ५०० मालिकेचं कार्ड कुणी गळ्यात मारतच असेल तर बायोस मूळचाच आहे का ते विचार — मेमरी पळवायला मायनर बायोस बदलायचे, आणि मग ड्रायव्हर "कोड ४३" म्हणून संप करतो. काही कार्डांवर दोन बायोसचं बारीक बटण असतं, ते सरकवून बघ.

४३. मागचे सगळे पोर्ट एकेक करून जोड, आणि मशीन तीनदा बंद करून चालू कर — मायनिंगमध्ये पोर्ट कधी वापरलेलेच नसतात, त्यामुळे मेलेला पोर्ट विकणाऱ्यालाही ठाऊक नसतो.

पैसे देताना

४४. माझा साधा नियम, तेवढ्याच ताकदीचं नवं कार्ड आज बिलासकट जितक्याला मिळतं त्याच्या निम्म्यावर जायचं नाही — नव्याच्या किमतीत १८ टक्के जीएसटी असतो, पण त्यातच वॉरंटीही असते. २०२१ च्या महागाईत त्याने केवढ्याला घेतलं होतं ते ऐकून हळहळ व्यक्त कर, भाव वाढवू नकोस.

४५. निम्म्यातूनही पेस्ट, पॅड आणि एका पंख्याचा खर्च वजा करून माग — ते काम आज ना उद्या तुलाच करायचंय.

४६. मूळ बिल माग, आणि कंपनीच्या सेवाकेंद्राला सिरियल नंबर सांगून वॉरंटी उरली का ते स्वतः विचार — मायनिंगच्या काळातल्या कार्डांची बहुतेक संपलेली असते. "अजून आहे" हे त्याच्या तोंडून ऐकून पैसे वाढवायचे नाहीत.

४७. बिल नसेल तर साध्या कागदावर दोघांच्या सह्या घे: कार्डाचं नाव, सिरियल नंबर, तारीख, रक्कम — उद्या ते चोरीचं निघालं तर तू कुठून घेतलंस हे सांगायला कागद लागतो.

४८. पैसे मिळवायला यूपीआयचा पिन लागत नाही, द्यायलाच लागतो — "आधी एक रुपया पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा" असं कुणी म्हणालं तर उठ. तरीही फसलीस तर लगेच १९३० ला फोन, रडायचं नंतर.

४९. दुकानदार सात दिवसांची टेस्टिंग वॉरंटी म्हणाला तर ती बिलावर लिहून घे, "पैसे परत" की "वस्तू बदलून" तेही — तोंडी वॉरंटी शटर पडेपर्यंतच टिकते.

घरी आणल्यावर

५०. एसटीत कार्ड मांडीवर घे, डिकीत किंवा वरच्या फळीवर टाकू नकोस — हीटसिंक जड असतो, धक्क्याने बोर्ड वाकला तर मेमरीचे सांधे निसटतात. अँटीस्टॅटिक पिशवी नसेल तर दुकानातून मागून घे, नुसतं बबल रॅप पुरत नाही.

५१. खोलीच्या प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घे — कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर त्या कार्डालाही येतात.

५२. टेस्टिंगच्या सात दिवसांत कार्डाला अजिबात दया दाखवू नकोस, रात्रभर रेंडर लाव — मोडायचं असेल तर दुकानदाराच्या खर्चात मोडू दे.

५३. तो आठवडा संपला की मायनरची चांगली सवय तू उचल आणि वॅटची मर्यादा ८० टक्क्यांवर आण — वेग थोडासाच कमी होतो, उष्णता आणि आवाज मात्र लगेच उतरतात.

५४. पॅड बदलायचे असतील तर तुझ्याच मॉडेलची जाडी शोधून घे, "सगळीकडे दीड मिलिमीटर चालतं" म्हणणाऱ्याकडून करून घेऊ नकोस — जाड पॅडने चिप आणि हीटसिंकमध्ये फट राहते, पातळ पॅडने मेमरी उघडी पडते.

५५. ऊसतोडीच्या दिवसांत दर महिन्याला कॅबिनेट उघडून मऊ ब्रशने साफ कर, पंखा एका बोटाने धरून — पाचट पेटवल्यावर ती काळी काजळी खिडकीतून येते, हीटसिंकच्या पात्यांमध्ये बसते आणि धुळीपेक्षा चिवट असते. टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरने मुळीच उडवायची नाही. त्या हवेत पाणी असतं, आणि मोकळा पंखा भलत्याच वेगाने फिरून बेअरिंग खातो.